काकपद

डिसेंबरात आमच्या शहरात सरकार येतं,
ट्रकांतून, फायलींच्या पेटाऱ्यांसकट,
आणि सिव्हिल लाइन्समधल्या छापखान्यात
रात्रपाळी सुरू होते.

मी मुद्रितशोधक. सव्वीस वर्षं झाली.
समोर देवानंद रंगारी मूळ प्रत मोठ्यानं वाचतो,
विरामचिन्हांसकट,
मी माझ्या प्रतीवर बोट सरकवत जाते.
आजचं विधेयक शाळांचं.
‘ज्याअर्थी स्वल्पविराम
राज्यातील विद्यार्थ्यांचे मूल्यमापन व पाठ्यक्रम
यांत सुधारणा करणे इष्ट आहे अर्धविराम’
त्याचा आवाज सपाट आहे, तसाच लागतो.
आवाजात अर्थ आला की चुका निसटतात.

परीक्षा कमी होणार, असं कलम चार म्हणतं.
किती कमी, ते ‘विहित करण्यात येईल अशा रीतीने’.
गुणपत्रिका जाऊन प्रगतिपत्रक येणार,
त्यात काय लिहायचं ते अनुसूचीत,
आणि अनुसूची अजून मुंबईहून यायची आहे.
अकराला सभागृह.
त्याआधी प्रत्येक बाकावर एकेक प्रत.

स्वेटरच्या बाह्या वर करून मी चहा घेते.
बाहेर पत्र्यावर दव टपकतंय.
दुपारी येताना बस अर्धा तास अडली होती,
मॉरिस कॉलेजजवळ विनाअनुदानित शाळांचे शिक्षक
रस्त्यावरच बसले होते,
एकजण मांडीवर गठ्ठा ठेवून पेपर तपासत होता.
मोर्चात. लाल पेनानं.
माझ्याकडे आहे तसंच पेन.

कलम नऊ. देवानंद वाचतो, ‘मूल्यमापन’,
माझं बोट थांबतं.
इथं छापलंय ‘मूलमापन’.
जोडाक्षरातला य गळालाय,
ल सुटा होऊन उभा आहे.

‘काहून थांबल्या, मॅडम?’
मी कागद त्याच्याकडे फिरवते.
तो चष्मा कपाळावर चढवतो, बघतो,
हसत नाही.

मग सांगतो, विचारलं नसताना,
की त्याची संबोधी पाचवीत आहे, मनपाच्या शाळेत.
तिच्या नोंदवहीत दोन रकाने.
एक विशेष नोंदींचा, तो कोरा.
दुसरा अडथळ्यांच्या नोंदींचा,
त्यात बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलंय :
‘प्रश्न फार विचारते.’
‘बाईयची चूक नाही,’ तो म्हणतो,
‘एका वर्गात बासष्ट पोरं.
त्याईले रकाना भराच लागते.’

मला अंगणवाडीचा काटा आठवतो,
आढ्याला टांगलेला, खाली कापडाची झोळी,
झोळीत माझा मुलगा, पाय झाडत,
आणि काटा थरथरतोय, स्थिरच होईना.
‘धरू नका,’ सेविका म्हणाली,
‘तुमचा हात लागला की वजन खोटं येते.’

मी ल आणि म यांच्या मधे
खाली काकपद काढते,
कावळ्याच्या पायाएवढी खूण,
समासात अर्धा ल, पूर्ण य.
सही. वेळ : दोन वाजून दहा मिनिटं.

सकाळी प्रती गेल्या.
सभागृह वेगळ्याच कारणावरून तहकूब झालं,
विधेयकं बाकांवर पडून राहिली,
रात्री आम्ही पुन्हा टेबलाशी, आता पूरक मागण्या.

देवानंदनं डबा उघडता उघडता सांगितलं,
काल रद्दीतलं पान त्यानं घरी नेलं.
मागची बाजू कोरी असते,
पोरगी चित्रं काढते.
तिनं आधी छापील बाजू वाचली,
लाल खुणेवर बोट ठेवून विचारलं,
‘बाबा, हे चुकलं होतं
का आता चुकवलं?’

‘तू काय सांगितलंस?’

‘काई नाही. झोपाले लावलं.’
त्यानं बोटं पुसली, प्रत उचलली.
‘पान एक. मथळा ठळक.’
मी बोट ठेवलं.
बोट ठेवलं, आणि बराच वेळ
त्याचा आवाज पुढे जात राहिला.